बर्नरच्या टोपीतली रेषा

हेमाताईचा स्टोव्ह शैलजाबाईंनी सोलापूर ते पुणे मांडीवर ठेवून आणला. आईच्या जुन्या इरकली लुगड्यात गुंडाळून. शेजारच्या सीटवरच्या मुलीला राहवलं नाही.

"आजी, आत काय आहे हो?"

बाईंनी लुगडं थोडं बाजूला केलं. पितळेची गोल टाकी, तीन पाय, बाजूला पंपाचा दांडा, मध्ये बर्नर आणि बर्नरवर लोखंडाची छोटी टोपी.

"समोवार?"

"स्टोव्ह."

"मग हा चार्ज कुठून करायचा?"

शैलजाबाई हसल्या आणि आपल्याला हसू आलं याचंच त्यांना नवल वाटलं. बार्शीच्या घरात पहाटे अशाच एका स्टोव्हची घरघर सुरू झाली की अंथरुणातच कळायचं, आई उठली, आता चहा होईल. घरघर थांबली की घर क्षणभर ओकंओकं वाटायचं. त्यांचं सगळं लहानपण ज्या आवाजावर जागं झालं, त्या आवाजाची वस्तू आता कुणाला ओळखूही येत नव्हती.

मांडीवरचा स्टोव्ह वडिलांनी थोरल्या बहिणीला, हेमाताईला, लग्नात दिलेला. तो घेऊन ती लातूरला सासरी गेली, आणि चार वर्षांनी स्टोव्ह तिच्याशिवाय बार्शीला परत आला, तिच्या साड्या आणि दोन पातेल्यांबरोबर. स्टोव्हचा भडका उडाला, पदराने पेट घेतला, असं सासरचे म्हणाले. पंचनाम्यातही तेच लिहिलं. हेमाताईचे यजमान मनोहर भाऊजी, त्यांनीही तेच सांगितलं. त्या काळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दर आठवड्याला कुठे ना कुठे स्टोव्हचा भडका उडत असे. लोक वाचत, आपापल्या परीने समजत आणि पान उलटत.

शैलजाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. त्यांनी पान उलटलं नाही. स्टोव्ह पेटवायला त्यांना हेमाताईनेच शिकवलं होतं. रॉकेलात भिजवलेल्या चिंधीचा काकडा पेटवून बर्नरच्या गळ्याला लावायचा, तो विझत आला की मगच पंप मारायचा, घाई करायची नाही. घाई करायची ती धाकटी. थोरली कधीच नाही. आणि शेवटच्या दिवाळीला परत निघताना उंबऱ्यात बसून हेमाताई म्हणाली होती, "जायलाच हवं का गं?" बस्स, एवढंच. त्या एका वाक्यावर शैलजाबाईंनी अठ्ठावन्न वर्षं काढली. मधे त्यांचं लग्न झालं, सोलापूरच्या शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या, नवरा गेला. मनोहर भाऊजींशी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

आणि आता जुन्या स्टोव्हचा भडका उडाला होता की नाही, हे सांगणारं यंत्र निघालं होतं.

प्रयोगशाळेतल्या डॉक्टर मृण्मयी सातपुते पस्तिशीच्या होत्या. त्यांनी स्टोव्ह दोन्ही हातांनी घेतला, देवघरातली मूर्ती घ्यावी तसा. शैलजाबाईंना ते आवडलं.

"आजी, यंत्र काय करतं ते सांगू?"

"सांगा. गणित शिकवलंय मी. घाबरू नका."

मृण्मयीने टेबलावरच्या कागदावर एक उभा पट्टा काढला. "ही टोपीची जाडी समजा. जेमतेम अर्धा मिलीमीटर लोखंड. स्टोव्ह पेटला की टोपी लालबुंद होते. तिच्या खालच्या बाजूला रॉकेलची वाफ, म्हणजे कर्बच कर्ब. वरच्या बाजूला हवा, ती कर्ब खाऊन टाकते. तापलेल्या लोखंडात कर्बाचे अणू शिरतात आणि लोखंडाच्या अणूंच्या मधल्या फटींतून सरकत सरकत वर जातात."

"घन लोखंडातून?"

"घन लोखंडातून. गर्दीच्या ठिकाणाहून मोकळ्या ठिकाणी, जसे आपण जातो तसे. किती वेगाने जातात ते तीन गोष्टींवर ठरतं. लोखंड किती तापलंय, दोन्ही बाजूंच्या कर्बात फरक किती आणि मधली भिंत किती जाड. फरकाला जाडीने भागायचं आणि तापमानाप्रमाणे येणाऱ्या एका आकड्याने गुणायचं. झालं."

"म्हणजे उतार," शैलजाबाई म्हणाल्या.

"अगदी बरोबर, उतार. सुरुवातीला आतला कर्ब वाढत असतो, कमी होत असतो. पण अर्धापाऊण तास ज्योत एकसारखी जळली की खालून जेवढा शिरतो तेवढाच वरून बाहेर पडतो. आतलं प्रमाण मग बदलतच नाही. याला आम्ही स्थिर अवस्था म्हणतो. तेव्हा खालपासून वरपर्यंत कर्बाच्या प्रमाणाची रेषा काढली तर ती सरळ येते." तिने पट्ट्यात एक तिरकी रेषा ओढली. "आणि स्टोव्ह बंद केला की टोपी मिनिटाभरात निवते. निवली की अणू जिथे असतील तिथे अडकतात. शंभर वर्षांनी पाहिलं तरी तिथेच."

"आणि भडका उडाला तर?"

मृण्मयीने पेन्सिल खाली ठेवली. ती हे अनेकांना सांगून दमलेली असावी. "भडक्यात टोपी चहूबाजूंनी काजळीत बुडते. कर्ब वरूनही आत घुसतो. मग कुणीतरी पाणी, घोंगडी, काहीतरी टाकतं, स्टोव्ह विझतो. रेषा सरळ व्हायला वेळच मिळत नाही. तिला बाक येतो. आम्ही आपसात म्हणतो, सरळ रेषा म्हणजे रोजचा स्वयंपाक. बाक म्हणजे अपघात."

हे एवढंसं वाक्य वर्षभरापूर्वी एका सुनावणीत बोललं गेलं आणि घराघरांत पोचलं. सरकारने जुन्या मृत्यूंसाठी पुनर्तपास कक्ष उघडला. म्हाताऱ्या झालेल्या बहिणी आणि भाच्या माळ्यावरून स्टोव्ह काढू लागल्या. त्याच सुमाराला मोडीच्या दुकानांतही जुन्या स्टोव्हचे ढीग लागले. लपवण्यासारखं काही नसताना लोक ते घाईघाईने का विकताहेत, हे मोडवाल्याने विचारलं नाही आणि विकणाऱ्यांनी सांगितलं नाही. सोलापुरात शैलजाबाईंच्या गल्लीत एका प्रतिष्ठित आजोबांना भल्या सकाळी विहिरीत काहीतरी टाकताना लोकांनी पाहिलं. त्या दिवसापासून त्यांच्या सुना त्यांना जेवण वाढतात, पण समोर बसत नाहीत.

"हा स्टोव्ह त्यानंतर कुणी पेटवला नाही ना?" मृण्मयीने विचारलं. "हे विचारावंच लागतं."

"आईने तो कुणाला हात लावू दिला नाही. ती होती तोवर चिंचेने घासून ठेवायची. ती गेल्यावर माझ्याकडे आला. पंचवीस वर्षं माझ्या कपाटात आहे."

"घासल्याने काही बिघडत नाही. टाकी पितळेची. टोपी घासत नव्हत्या ना?"

"टोपी कोण घासतं?"

दाराशी पराग उभा होता. हेमाताईचा मुलगा. आई गेली तेव्हा दोन वर्षांचा, आता साठीला टेकलेला. वडिलांशी मावशीचं बोलणं नव्हतं, पण परागशी होतं. तो दर दिवाळीला सोलापूरला येई, मावशीच्या हातचे अनारसे खाई, आणि दोघंही एक विषय सोडून सगळ्यांवर बोलत. कक्षाकडे अर्ज करायला मुलाची संमती लागते, म्हणून तो विषय अखेर काढावा लागला होता. पराग फोनवर म्हणाला होता, "चालेल. एकदाचं होऊन जाऊ दे. पण मावशी, जे येईल ते तू मानायचं. बाक आला तर घरी येऊन बाबांची माफी मागायची."

"आणि सरळ आली तर?"

"तर मी त्यांना कक्षासमोर उभं करीन. आणि त्यानंतर एका घरात राहणार नाही."

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला उभं तरी राहता येतं का, हे शैलजाबाईंनी विचारलं नाही.

यंत्राने टोपी कापली नाही, खरवडली नाही. एका पांढऱ्या पेटीत ती ठेवली, पेटी गुणगुणली आणि चहा पिऊन होईपर्यंत पडद्यावर रेषा आली. मृण्मयीने काही सांगायची गरज नव्हती. जन्मभर फळ्यावर रेषा काढलेल्या बाईला सरळ रेषा दुरूनही कळते.

पराग पडद्याजवळ गेला. चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं, डोळ्यांवर आणून पाहिलं. "यंत्र चुकत असेल."

"तीनदा बघितलं, सर."

"बरं." तो वळला. मावशीकडे न बघता म्हणाला, "मी घरी जातो. आज त्यांना विचारतो."

शैलजाबाईंना वाटलं होतं, या क्षणी आपल्याला रडू येईल, नाहीतर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. चहा गार झाला होता, तो त्यांनी संपवला.

सोलापूरला पोचल्यावर त्यांनी बार्शीला फोन लावला. माहेरी आता नलिनी वहिनी तेवढ्या उरल्या होत्या, त्यांच्या थोरल्या भावाची बायको. ऐंशी उलटलेली, कानाने कमी, पण बोलण्याला खंड नाही.

"वहिनी, रेषा सरळ आली."

"कसली?"

"हेमाताईच्या स्टोव्हची. म्हणजे भडका उडालाच नव्हता. यंत्राने दाखवलं."

"यंत्राला काय कळतंय त्यातलं?"

"सगळं कळतं, वहिनी. शेवटच्या वेळी स्टोव्ह नीट जळला आणि नीट बंद झाला. टोपीत लिहिलेलं असतं ते."

"शेवटच्या वेळी म्हणजे खिरीच्या वेळी ना?"

"कुठल्या खिरीच्या?"

"अगं, अविधवा नवमीची. गव्हल्यांची खीर. सासूबाई करायच्या की हेमासाठी."

शैलजाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आई? आई कशी करेल? तिचं पान लातूरला तिच्या सासरी."

"म्हणून तर गुपचूप. लेकीचं माहेरी काही करायचा हक्क नाही ना. पण सासरच्यांनी दुसरी आणली, ते करतात की नाही करत, कुणास ठाऊक, म्हणायच्या. मग पितृपक्षात त्या दिवशी दार लोटून घ्यायच्या, हेमाचा स्टोव्ह काढायच्या, त्याच्यावरच खीर शिजवायच्या. एका सवाष्णीला वाढायच्या. बहुतेक मलाच. दर वर्षी गं, रॉकेल मिळत होतं तोवर."

"मला कुणी कधी सांगितलं नाही."

"तू कधी असायचीस त्या दिवशी? तुझ्याकडे तुझ्या सासूची नवमी." वहिनींचा आवाज खाली आला. "का गं? काही चुकलं का?"

शैलजाबाईंना बसायला खुर्ची सापडेना. खुर्ची मागेच होती. आईने स्टोव्ह कुणाला हात लावू दिला नव्हता, हे खरंच होतं. आई स्वतः हात लावत होती. खीर मंद शिजवायची म्हणून तासभर, ज्योत एकसारखी ठेवून, मन लावून. यंत्राला हवी असते अगदी तशी.

"वहिनी, ही गोष्ट आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणाला असणार? मी एकटीच तर उरलेय. आणि मी काही कुणाला सांगत नाही बाई. माझं आता कुणी ऐकतही नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मृण्मयीला फोन केला. आडून विचारायचं ठरवलं होतं. "समजा, एखादा स्टोव्ह त्या प्रसंगानंतरही पेटवला गेला असेल. तर खालची, आधीची रेषा काढता येते का हो? फळा पुसला तरी कधी कधी आधीचं अक्षर दिसतं, तसं?"

मृण्मयीच्या लगेच लक्षात आलं. ती रागावली नाही, त्यामुळे शैलजाबाईंना जास्त त्रास झाला.

"नाही येत, आजी. तापलेल्या लोखंडात कर्ब पुन्हा चालायला लागतो. आधीचा बाक भरून निघतो. स्थिर अवस्था आली की ती कुठून आली, कशी आली, याची काही खूण राहत नाही. दोन टोकांना काय आहे तेवढंच रेषेला माहीत असतं."

"एवढं मोठं यंत्र, आणि एका खिरीपुढे हात टेकतं?"

"यंत्राचा दोष नाही तो. लोखंडच विसरलेलं आहे."

"लोखंडाला विसरायला काय झालं? मी नाही विसरले," शैलजाबाई म्हणाल्या, आणि आपण कुणावर चिडतोय हे त्यांनाच कळेना. यंत्रावर चिडून उपयोग नव्हता. भाऊजींवर चिडायची इतक्या वर्षांची सवय, पण तिथे आता हात पोचत नव्हता. उरली आई. आईवर कसं चिडायचं? लेकीसाठी दार लोटून रडत खीर ढवळणाऱ्या बाईवर? पण त्या चिडल्या. दिवसभर घरात भांडी आपटली. बाई गं, दुसरं भांडं, दुसरी चूल नव्हती का घरात? तिचाच स्टोव्ह कशाला हवा होता?

"आजी," मृण्मयी फोन ठेवताना म्हणाली होती, "माझा अहवाल अजून कक्षाकडे गेलेला नाही. तो स्टोव्ह नंतर पेटवला होता का, या प्रश्नाचं तुमचं उत्तर मी 'नाही' असं धरलेलं आहे. बदलायचं असेल तर सोमवारपर्यंत सांगा."

बदलायचं नसेल तर काय, हे तिने सांगितलं नाही. न सांगताच कळत होतं. वहिनी गप्प बसणार. रेषा सरळ आहे. कक्ष सरळ रेषेला मानतो. शैलजाबाईंना जे आयुष्यभर हवं होतं, ते नुसतं गप्प राहून मिळणार होतं. आणि भाऊजींनी ते केलंच असलं, तर गप्प राहण्यात खोटं तरी काय होतं? उत्तर बरोबर आणि रीत चुकलेली, एवढंच. असल्या उत्तराला त्या वर्गात शून्य गुण देत असत. मुलं हुज्जत घालत, "बाई, उत्तर तर तेच आलंय ना." त्या म्हणत, "तुला ते आलेलं नाही. तुला ते सापडलंय."

सोमवारच्या आत त्या पुन्हा पुण्याला गेल्या. स्टोव्ह परत घेतला आणि मृण्मयीला खिरीचं सांगितलं. तिने उत्तर बदललं, मग टोपी बर्नरवर बसवून दिली.

"तुमच्याकडे रॉकेल मिळेल का थोडं?" शैलजाबाईंनी विचारलं.

"कशाला?"

"असतं का?"

असतं. प्रयोगशाळेत सोडियमचे तुकडे त्यात बुडवून ठेवतात. मृण्मयीने एक बाटली भरून दिली आणि दहादा बजावलं.

परागच्या घरी त्या प्रथमच जात होत्या. दार त्यानेच उघडलं. दाढी वाढलेली.

"ये. बाबा बाल्कनीत आहेत. दोन दिवस जेवलेले नाहीत. मीही नाही वाढलं."

"विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, स्टोव्ह भडकला. मी म्हटलं, रेषा सरळ आहे. म्हणाले, मग मी खोटा असेन. एवढंच. पुढे शब्द नाही. आता तू आलीच आहेस तर तूच विचार. कक्षाची तारीख मिळेल तोवर मी..."

"पराग, ती रेषा तुझ्या आजीच्या खिरीची आहे."

शैलजाबाईंनी सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. पराग ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, मग ती गेली.

"म्हणजे काहीच कळलं नाही."

"नाही."

"मी त्यांना दोन दिवस उपाशी ठेवलंय, मावशी. मी त्यांना काय काय बोललोय, तुला कल्पना नाही. आणि आता तू सांगतेस, खीर?" त्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "आधी बार्शीला एक फोन करायचा होतास. एक फोन."

"हो."

"आणि आता सांगायला तरी कशाला आलीस? नसतं सांगितलंस तर निदान मला काहीतरी माहीत असतं. खोटं का होईना."

बाल्कनीतून खोकल्याचा आवाज आला.

"तुला तरी काय वाटतं?" त्याने विचारलं. "खरंखरं?"

"वाटतं ते मी सोळाव्या वर्षापासून सांगतेय. वाटणं पुरेना म्हणून तर यंत्राकडे गेले." त्यांनी पिशवीतून स्टोव्ह काढला. "मला हा इथे पेटवायचाय. भाऊजींच्या समोर."

"कशासाठी?"

"यंत्राला टोपी वाचता येते. मला माणसांचे चेहरे वाचता येतात. चाळीस वर्षं मुलांचे वाचले, कोण खोटं बोलतंय ते. भडका उडाला नाही तरी ही घरघर ऐकून त्यांच्या तोंडावर काय येतं, ते मला एकदा बघू दे. मग मी पुन्हा विचारणार नाही."

पराग बाजूला झाला.

मनोहर भाऊजी वेताच्या खुर्चीत बसलेले. शैलजाबाईंनी मनात जपलेला माणूस उंच, काळ्याभोर मिशांचा, दारात उभा राहिला तर उजेड अडवणारा होता. हा खुर्चीत हरवलेला म्हातारा त्यांना ओळखताच येईना. पण त्याने ओळखलं.

"शैला?"

त्यांनी फरशीवर बसून समोर स्टोव्ह ठेवला. टाकीत रॉकेल ओतलं. काकड्यासाठी चिमट्याला चिंधी गुंडाळली, भिजवली, पेटवून बर्नरच्या गळ्याला लावली. हातांना सगळं आठवत होतं. हेमाताई शेजारी बसून सांगतेय असंच वाटलं. घाई नको गं. विझत येऊ दे. अजून थोडं. त्या थांबल्या. इतक्या थांबल्या की पराग म्हणाला, "पेटत नाहीये का?"

"पेटेल. घाई करायची नसते."

काकडा निळसर होऊन विझायला आला. बर्नर पुरता तापला होता. त्यांनी चावी बंद केली, एक हात पंपावर ठेवला, मान वर करून भाऊजींच्या चेहऱ्यावर नजर रोखली आणि पंप मारला. एकदा. दोनदा.

भडका हातभर उंच उठला. पिवळा, काळ्या धुराचा, भस्सकन, त्यांच्या तोंडासमोर. कपाळाला झळ लागली. त्या मागे पडल्या, दोन्ही हातांनी पदर छातीशी आवळला आणि त्यांना ज्योतीखेरीज काहीही दिसलं नाही. पराग "मावशी" म्हणून ओरडला. त्यांनीच हात पुढे करून चावी सैल केली. ज्योत खाली बसली, फुरफुरली, पिवळ्याची निळी झाली. आणि मग घरघर सुरू झाली, तीच, पहाटेची.

त्यांनी मान वर केली. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी होतं. ते धुराने आलं असेल. ओठ हलत होते. भूक लागलेल्या म्हाताऱ्याचेही हलतात. भडका उठला तेव्हा त्या चेहऱ्यावर जे काही आलं असेल, ते येऊन गेलं होतं, आणि त्या वेळी शैलजाबाई स्वतःचा पदर सांभाळत होत्या.

"काय दिसलं?" परागने हळूच विचारलं. "तू बघत होतीस ना?"

"तू?"

"मी तुझ्याकडे बघत होतो."

त्या स्टोव्हकडे बघत राहिल्या. त्यांनी घाई केली नव्हती. हेमाताईने शिकवलं होतं तसंच सगळं केलं होतं, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. तरी भडकला. इतक्या वर्षांत आतला वॉशर कुजला असेल म्हणून भडकला, की तो पहिल्यापासूनच भडकणारा होता? हे सांगेल असं आता कुणी नव्हतं. ना टोपी, ना हा म्हातारा. आणि ज्या एका गोष्टीवर त्यांनी सगळं उभं केलं होतं, की घाई न करणाऱ्या बाईचा स्टोव्ह भडकत नाही, ती त्यांच्या कपाळावर चुरचुरत होती.

"काय करू? बंद करू?" पराग म्हणाला.

"राहू दे. पेटलाच आहे तर त्यांना काहीतरी गरम करून घाल. दूध आहे?"

पराग आत गेला. पातेलं आणून त्याने स्टोव्हवर ठेवलं आणि काठाला दोन बोटं लावून पाहत बसला, किती तापलं ते. लहान मुलं बसतात तसा. तिघांपैकी कुणी काही बोललं असतं तरी घरघरीत ऐकू आलं नसतं.

पातेल्याखाली टोपी लाल झाली होती. भडक्याने आणलेला बाक आता हळूहळू भरून निघत असणार. दूध तापायला फार वेळ लागत नाही. पण शैलजाबाईंनी ज्योत बारीक केली आणि बाटलीतलं रॉकेल संपेपर्यंत स्टोव्ह तसाच जळू दिला.